पाऊस किती पडला, ते कोण सांगणार?

 

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. श्रावण लागायच्या आधीची. आमच्या वाडीवर एका रात्रीत असा पाऊस झाला की भाताच्या खाचरांचे बांध फुटले. लावून आठ दिवस झालेली रोपं ओढ्याला गेली. सकाळी आमच्या गटातल्या सहा-सात जणी गुडघाभर चिखलात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग कोणी म्हणालं, पंचनामा होईल. पण चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या महसूल मंडळात त्या रात्री पाऊस ६१ मिलिमीटर नोंदला गेलाय. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी. म्हणजे आमची रोपं गेली ती चार मिलिमीटर कमी पावसात! चार मिलिमीटर म्हणजे बोटाचं अर्धं पेरसुद्धा नाही.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "त्यांचा पाऊस तिकडं पडला, आपला इकडं." मला तेव्हा राग आला होता. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, सगळ्या प्रश्नाचं मूळ आत्याबाईंनी एका वाक्यात सांगितलं. पाऊस मोजला कुठे, आणि पडला कुठे?

मंडळातलं स्वयंचलित पर्जन्यमापक म्हणजे काय असतं? एक वीतभर तोंडाचा डबा. आपल्या राज्यात 'महावेध' प्रकल्पात मंडळागणिक एक अशी दोन हजारांवर हवामान केंद्रं बसवली आहेत. एका मंडळात पंधरा-वीस गावं येतात. म्हणजे त्या वीतभर तोंडानं पंधरा-वीस गावांच्या पावसाची साक्ष द्यायची. सपाट मुलखात एक वेळ चालेल. पण आपल्याकडे? आहुप्याच्या कड्यावर ढग अंगावरून जातो, इरलं काढता येत नाही, आणि त्याच दिवशी मंचरच्या बाजारात बाई छत्री मिटून टोमॅटो निवडत असते. नाणेघाटाकडून ओतूर-आळेफाट्याकडे एसटीनं या, तासाभरात भाताचा मुलूख संपून कांद्याचा सुरू होतो. एवढ्याशा अंतरात पाऊस इतका बदलतो.

मुंबईचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या मापकात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आणि त्याच शहरात, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. दोन्ही मापकं खरीच बोलत होती. मधल्या पंचवीस-एक किलोमीटरमध्ये काय चाललंय ते सांगणारं कोणी नव्हतं, कारण मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. ते कुलाब्याला त्यानंतर काही वर्षांनी आलं, आणि २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं.

तर आज या रडारबद्दल बोलायचं आहे. बातम्यांत "रडारवर ढग दिसले" असं ऐकतो, मोबाईलवर हिरवे-पिवळे-लाल ठिपके बघतो. गटात एक जण म्हणाली, "अगं, रडारला सगळं दिसतं तर मग आपला पाऊस का दिसला नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला मी थोडं वाचलं, थोडं जाणत्यांना विचारलं.

आपल्याला ओळखीचं काहीतरी घेऊन सुरुवात करू. खोडदच्या तबकड्या सगळ्यांनी पाहिल्यात. नारायणगावच्या पुढे गेलं की त्या पंचेचाळीस मीटर रुंदीच्या पांढऱ्या जाळीच्या तबकड्या. अशा तीस आहेत. त्या फक्त ऐकतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी कान देऊन ऐकायच्या, एवढंच त्यांचं काम. रडारची तबकडी त्याहून खूप लहान असते आणि ती आधी हाक मारते, मग ऐकते. डोंगरासमोर उभं राहून "ओ" दिली की "ओ" परत येतो ना, तसंच. रडार लहरींचा एक झोत सोडतं, तो पावसाच्या थेंबांवर आपटतो, त्यातला अगदी थोडासा परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून ढग किती लांब ते कळतं. आणि परतीचा आवाज किती मोठा, त्यावरून पाऊस किती, याचा अंदाज.

अंदाज. हा शब्द लक्षात ठेवा. रडार पाऊस मोजत नाही. रडार प्रतिध्वनी मोजतं. प्रतिध्वनीवरून पावसाचा हिशेब करावा लागतो आणि सगळी गडबड त्या हिशेबात आहे.

कशी ते स्वयंपाकघरात जाऊन बघू. एका ताटात साबुदाणा घ्या, दुसऱ्यात हरभरा. समजा हरभऱ्याचा दाणा साबुदाण्याच्या दुप्पट जाडीचा आहे. मग एका हरभऱ्यात आठ साबुदाण्यांइतका ऐवज बसतो, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट. थेंबाचंही तसंच. दुप्पट जाडीच्या थेंबात पाणी आठपट. पण रडारला त्याचा आवाज किती पट ऐकू येतो? चौसष्ट पट! मोठा थेंब रडारसमोर फार आरडाओरडा करतो. आता उलटं बघा. रडारला समजा एका मोठ्या थेंबाचा आवाज आला. तेवढाच आवाज चौसष्ट लहान थेंब मिळून करतात. पण त्या चौसष्ट थेंबांत पाणी आठपट असतं. आवाज तोच, पाणी आठपट. रडारनं कोणता आकडा सांगायचा?

जगभर यासाठी एक ठरावीक सूत्र वापरतात. मार्शल आणि पामर या दोघांनी १९४८ मध्ये ते मांडलं, कॅनडातल्या पावसावरून. पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या पावसासाठी वेगवेगळी सूत्रं आली. आता गंमत अशी की आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा मोसमी पाऊस हा बहुतेक बारीक थेंबांचा. पुण्याच्या पाषाणमध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिनं महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा थाटली आहे. तिथे थेंब मोजायचं यंत्र लावतात, थेंब त्यावर पडला की तो किती मोठा ते नोंदलं जातं. त्यातून हेच दिसलं. घाटमाथ्यावर बारीक थेंब भरपूर, आणि पलीकडे पर्जन्यछायेत थेंब कमी पण मोठे. त्यामुळे एकच सूत्र सगळीकडे लावलं तर घाटातल्या रिपरिप पावसाला रडार कमी लेखतं, आणि वळवाच्या टपोऱ्या थेंबांना जास्त. त्यात गारा असल्या तर बघायलाच नको. ओली गार रडारला एवढी मोठी वाटते की आकडा भलताच फुगतो.

डोंगरातल्या बायकांचंही तसंच असतं, नाही का? रिपरिप, दिवसभर, कोणाला ऐकू न येणारं काम. असो.

दुसरी अडचण डोंगराची. रडारचा झोत अगदी आडवा सोडला तर इमारतींवर, टेकड्यांवर आपटतो, म्हणून तो थोडा वर, साधारण अर्धा अंश चढता ठेवतात. आणि पृथ्वी गोल. म्हणजे झोत सरळ जातो आणि जमीन खाली वाकत जाते. कुलाब्यापासून माळीण सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथे पोचेपर्यंत झोताचा मध्य समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर वर गेलेला असतो आणि झोत पसरून दीड-पावणेदोन किलोमीटर जाड झालेला असतो. त्याचा खालचा भाग सह्याद्रीच्या कड्यांना घासतो. काही तिथेच अडतो. नारायणगावावर येईपर्यंत मध्य दोन किलोमीटरच्या आसपास पोचतो.

आणि आपला पाऊस कुठे तयार होतो? तुम्ही रोज बघता. ढग डोंगराला घासत येतो, लावणी करताना चार खाचरं पलीकडची बाई दिसत नाही, आणि त्या धुक्यातूनच पाऊस झरत असतो. समुद्रावरून आलेलं वारं डोंगर चढतं, थंड होतं, आणि खालच्या खालीच थेंब वाढत जातात. वरून पडणारा थेंब खालच्या धुक्यातलं पाणी गोळा करत येतो. हे सगळं रडारच्या झोताच्या खाली घडतं. म्हणजे रडार बिचारं माळ्यावर डोकावून बघतंय आणि आपण खाली चुलीपाशी.

आणखी एक. डोंगर स्वतःही प्रतिध्वनी देतो. रडारला वाटतं इथे कायम मोठा ढग आहे. मग संगणकाला सांगावं लागतं की जे हलत नाही ते काढून टाक. डॉप्लर रडारला हलणारं आणि न हलणारं यातला फरक कळतो, म्हणून ते जमतं. पण धान्य पाखडताना चार दाणे सुपाबाहेर जातातच, तसा डोंगर काढताना थोडा पाऊसही निघून जातो.

३० जुलै २०१४ ची सकाळ या तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. पुष्य नक्षत्र चालू होतं, आपण ज्याला म्हातारा पाऊस म्हणतो. माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. एसटीचा चालक नेहमीच्या वाटेनं आला आणि त्याला गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. मी इथे असं म्हणणार नाही की रडार नीट असतं तर माळीण वाचलं असतं. डोंगर का सुटतो यात माती, उतार, मुरलेलं पाणी, वर काय काय केलेलं असतं, सगळंच येतं. पण एवढं नक्की, की दरड कोसळण्याचा इशारा द्यायचा तर त्या उतारावर काल किती पडला, परवा किती पडला, गेल्या तासात किती, हे त्या उताराचंच कळायला हवं. घोडेगावचा आकडा त्याला पुरत नाही. २०२३ मध्ये रायगडात इर्शाळवाडी गेली तेव्हा पुन्हा तोच विषय निघाला.

मग उपाय काय चाललेत? बरेच चाललेत.

एक म्हणजे रडार वाढवणं आणि डोंगराच्या अलीकडे-पलीकडे, शक्यतो उंचावर बसवणं. स्वित्झर्लंड हा सगळा डोंगरांचाच देश. त्यांनी पाच रडारं उभी केली आहेत, त्यातली दोन तर अडीच हजार मीटरपेक्षाही उंच शिखरांवर. आपल्याकडे पाषाणच्या संस्थेनं एक लहान लहरींचं रडार मांढरदेवला ठेवलं. हो, तेच, काळूबाईचं मांढरदेव. सह्याद्रीतले ढग जवळून बघायला. लहान लहरींच्या रडारला बारीक थेंब चांगले दिसतात, पण त्याचा एक दोष आहे. मुसळधार पाऊस मध्ये आला की झोत त्यातच विरतो आणि पलीकडचा पाऊस दिसत नाही. दाट धुक्यात बॅटरी मारल्यासारखं. म्हणून मोठ्या लहरींचं एक लांबवरचं आणि लहान लहरींची जवळजवळची काही, असं जाळं लागतं. मुंबईभोवती तसं सुरू झालंय. देशभरात २०२४ मध्ये चाळीसच्या आसपास रडारं होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं दोन हजार कोटींच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली, त्यात रडारं वाढवायची आहेत. ती वाढतील तेव्हा घाटमाथ्याची आठवण ठेवा, हे मागायला आपल्या ग्रामसभेचा ठराव काही कमी नाही.

दुसरा उपाय मला फार आवडला. मोठा थेंब पडताना गोल नसतो, हे मला माहीत नव्हतं. आपण चित्रात काढतो तसा टोकदारही नसतो. हवेच्या रेट्यानं तो खालून चपटा होतो, थेट वाटीतून काढलेल्या इडलीसारखा. बारीक थेंब मात्र गोलच राहतो. नवी रडारं दोन प्रकारच्या लहरी सोडतात, एक आडवी डोलणारी, एक उभी डोलणारी. दोन्हींच्या प्रतिध्वनीत फरक पडला तर थेंब चपटे, म्हणजे मोठे. फरक नाही तर बारीक. गार गडगडत येते, तिचा प्रतिध्वनी आणखी वेगळा. म्हणजे साबुदाणा की हरभरा हे रडारला आता बऱ्यापैकी ओळखता येतं. वेरावलीचं रडार याच जातीचं.

आणि तिसरा उपाय सगळ्यात जुना: जमिनीवरचा डबा. रडार चित्र चांगलं काढतं, पाऊस कुठे जास्त, कुठे कमी, कुठून कुठे सरकतोय. पण आकडा पक्का नसतो. डब्याचा आकडा पक्का, पण एकाच जागेचा. दोघांचं लग्न लावायचं. समजा एका वाडीवर रडार म्हणतं २०, आणि तिथल्या मापकात ४० भरले. शेजारच्या दोन-तीन मापकांतही तसंच, दुप्पट. मग त्या भागातल्या रडारच्या सगळ्याच आकड्यांना दुपटीनं वाढवून घ्यायचं. हवामानखात्याचे संगणक जे करतात ते यापेक्षा गुंतागुंतीचं असतं, पण गाभा हाच. मापकं जितकी जास्त, दाट आणि विश्वासाची, तितका रडारचा अंदाज खरा होत जातो.

विश्वासाची, हे महत्त्वाचं. इथे माझी फजिती सांगते. पंचनाम्याच्या त्या प्रकारानंतर मी तिरीमिरीनं घरी बरणी ठेवली पाऊस मोजायला. कुठे? अंगणात शेवग्याखाली, म्हणजे कोंबड्या पाडणार नाहीत. पंधरा दिवस मोठ्या अभिमानानं आकडे लिहिले. मग कृषीचं शिकणारी माझी भाची आली आणि हसायलाच लागली. "मावशी, तू पाऊस नाही मोजलास, शेवग्यानं पिऊन उरलेला पाऊस मोजलास." सगळी पानं रद्द. खोटा आकडा हा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्या दुपटीच्या हिशेबात तो शेजारच्या चार गावांनाही चुकवतो.

तर बरणी कशी ठेवायची ते सांगते. बरणी सरळ भिंतीची हवी, वर-खाली सारख्याच रुंदीची. तोंडाशी अरुंद नको. रुंदी कितीही चालते, कारण आपण उंची मोजणार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. बुड आत-बाहेर फुगलेलं असेल तर थोडं सिमेंट ओतून सपाट करून घ्या. बरणी वाऱ्यानं पडू नये म्हणून विटांत बसवा. तोंड जमिनीपासून फूटभर वर असू दे, नाहीतर चिखलाचं पाणी उडून आत जातं. घर, झाड, गोठा जेवढा उंच त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा. पागोळीजवळ तर अजिबात नको. रोज सकाळी साडेआठला शाळेतल्या मुलाच्या पट्टीनं मोजायचं, लिहायचं आणि पाणी ओतून द्यायचं. साडेआठच का, तर सरकारी मापकंही त्याच वेळी वाचतात, म्हणजे तुलना करता येते. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. शून्य म्हणजे पडला नाही, कोरं म्हणजे पाहिलं नाही. आणि माहेरी गेलात, दोन दिवस राहून गेलं, तर "दोन दिवसांचा एकत्र" असं लिहा. मनानं वाटणी करू नका.

असं कोण करतं म्हणाल, तर अमेरिकेत कोलोरॅडो म्हणून राज्य आहे. तिथल्या फोर्ट कॉलिन्स गावी जुलै १९९७ मध्ये गावाच्या एका बाजूला साडेतीनशे मिलिमीटर पाऊस झाला आणि काही मैलांवर पन्नासही नाही. पूर आला, पाच जणी गेल्या. पुढच्या वर्षी तिथल्या लोकांनी अंगणाअंगणात मापकं लावली. आता ते काम त्यांच्या देशभर पसरलंय, आणि हवामानखातं ते आकडे रोज वापरतं. केरळात मीनाचिल नदीच्या खोऱ्यातही शाळकरी मुलं आणि शेतकरी पाऊस मोजून एकमेकांना कळवतात.

एक स्पष्ट सांगते, आपल्या बरणीच्या आकड्यावर भरपाई मिळत नाही. ती सरकारी केंद्राच्याच आकड्यावर ठरते. कोणी गटाला तसं आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका. पण सहा वाड्यांच्या सहा बरण्यांची दोन पावसाळ्यांची वही जेव्हा ग्रामसभेत किंवा तहसीलदार साहेबांच्या टेबलावर पडते, की बघा, मंडळाचं केंद्र ६१ म्हणतं तेव्हा आमच्याकडे सहाही ठिकाणी शंभराच्या वर आहे, तेव्हा "दुसरं केंद्र द्या" या मागणीला काहीतरी बूड येतं. नुसतं "आमच्याकडे लई पडला" याला येत नाही. आणि उताराखाली राहणाऱ्यांसाठी तर वहीचा उपयोग त्याच रात्री आहे. चोवीस तासांत ११५ च्या वर गेला की हवामानखातं त्याला अति जोरदार म्हणतं, २०४ च्या वर अत्यंत जोरदार. बरणी रात्री दोनदा भरली आणि सोबत जमिनीला भेग दिसली, झरा एकदम गढूळ झाला, झाड कलायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन निघा. आकडा मागाहून लिहिता येतो.

आमच्या गटानं यंदा मृगापासून सहा बरण्या ठेवल्यात. एक फुटली, एकीत बेडूक निघाला. बेडकाच्या दिवशी आम्ही कोरं सोडलं. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन बेडूकच होतं म्हणून आत्याबाई अजून हसतात. वही दर शनिवारी या केंद्रावर वाचून दाखवायची ठरली आहे. ज्या गटांना सामील व्हायचंय त्यांनी बाजाराच्या दिवशी केंद्रात येऊन वाडीचं नाव आणि बरणी कुठे ठेवलीय ते सांगून जावं. भाची जागा बघायला येते, शेवगा असेल तर ओरडते.

आज सकाळी साडेआठचे आकडे: वरची वाडी ४८, ओढ्याकाठची ३९, शाळेजवळची ४१, देवळाजवळची ४४, आणि आमच्याकडे ४३. सहावी बरणी अजून आणायची आहे.